फोम, रॉकवूल की कापसाची गादी?

गावात कोणी घरी रेकॉर्डिंगची खोली करायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला: फोम किती लागंल? आता फोमनं बाहेरचा आवाज अडत नाही. ट्रॅक्टरची धडधड बाहेर ठेवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. खोलीतला घुमारा मारायला जाड, मऊ, हवा आत शिरेल असं काहीतरी लागतं. कामं दोन आहेत. खिशात पैसे एकाचेच असतील, तर माझं मत दुसऱ्याला, म्हणजे घुमारा मारायला.

जुन्या घराची हातभर जाडीची मातीची भिंत आवाज चांगलाच अडवते. पण तो भिंतीतून येतच नाही, दाराखालून आणि कवेलूंच्या सांदीतून येतो. भिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला तरी ती २० डेसिबलच्या पुढं फारसं अडवू शकत नाही, मग जाडी कितीही असो. म्हणून चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली पट्टा, एवढं जरूर करा. त्यापुढं दुहेरी भिंत, दुहेरी दार, बंद खिडक्या असा थाट मांडला, तर मे महिन्यात ४५ अंशांत कूलर बंद करून त्या खोलीत एक भजन गाऊन दाखवा! वर टिनपत्रे असतील तर पावसाच्या सरीपुढं कोणतंच अस्तर पुरत नाही. सर थांबेपर्यंत चहा घ्यायचा.

त्यापेक्षा वेळ साधा. रात्री गाव निजतं, पण शेतीची लाइन रात्रपाळीला असली की मोटारी घुंघावतात आणि पावसाळ्यात रातकिडे. मला पहाटेचा तास मानवतो, कोंबडा सोडला तर. माइकही तोंडाशी घ्या. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सहाएक डेसिबलनं वाढतो, बाहेरचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो.

आता घुमाऱ्याकडं. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असा शेपटा येतो, तो घालवायचाय. मी आधी अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. शेपटा होता तिथंच राहिला, उंदरांची मात्र सोय झाली. एक इंची फोम फक्त वरचा चरचराट खातो, खालचा घुमारा सोडून देतो, म्हणून आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा येतो. शिवाय साधा फोम पेटला तर धूर विषारी.

रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, सगळ्यात खात्रीचं. ४८ किलो घनतेची (घनमीटरला ४८ किलो) दोन इंची पाटी लाकडी चौकटीत बसवायची, वरून सुती कापड ताणायचं आणि मागं दोन इंच मोकळं सोडायचं. रॉकवूल पेटायची भीती नाही. पण हाताळताना अंगाला खाज सुटते, तोंड बांधूनच काम करा. आणि बहुतेकदा ते शहरातूनच आणावं लागतं.

कापसाची गादी घरातच असते, आणि नुसता गळा रेकॉर्ड करायचा असेल तर मी तीच घेईन. गाणाऱ्याच्या पाठीमागं खाट उभी करा, तिच्यावर गादी टाका. खाट भिंतीला थोडी तिरपी टेकली की मागची मोकळी जागा आपोआप मिळते. गादी पाठीमागंच हवी, कारण माइक तोंडाकडं बघतो आणि त्याच्या समोर पडते ती तुमच्या पाठीमागची भिंत. वर्षानुवर्षं अंगाखाली दबलेली गादी मात्र आधी पिंजून घ्या, ठासलेला कापूस आवाज नीट पीत नाही. पावसाळ्यात ती सादळते, ऊन पडलं की बाहेर काढा. उदबत्ती तिच्याजवळ नको.

स्पीकरवर मिक्सिंगही तिथंच करणार असाल तर गादीचा हट्ट सोडा आणि कोपऱ्यांत जाड रॉकवूल लावा.

ढोलकीचं गणित वेगळं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असलेल्या खोलीत ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे खालच्या खर्जात, आवाज फुगतो, धुमेवरची (ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवरची) थाप पसरट होते. तिथं गादी काही करू शकत नाही. मी ढोलकीवाल्याला सपरीत, म्हणजे बाहेरच्या उघड्या पडवीत, बसवतो.