गूगल, मूडल की विकतचं ॲप? नव्या हेडमास्तरांसाठी

हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून महिना होत नाही तोच, शाळेचं काम ऑनलाइन न्यायला काय घ्यावं हे सांगायला तिघेजण भेटून जातात. एक, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आलेला ॲपचा विक्रेता. दुसरे पीटीएचे, म्हणजे पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष. त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाच्या शाळेत म्हणे सगळं ॲपवर असतं. तिसरा आपलाच कॉम्प्युटर टीचर, त्याला मूडल, म्हणजे धडे आणि चाचण्या ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, बसवायचंय. मॅनेजमेंटचे खजिनदार येत नाहीत, फोनवरच विचारतात, "गूगल फुकट आहे ना? मग?" गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलचा कारभार मी बरीच वर्षं पाहिला. या चौघांचंही मी कधी ना कधी ऐकलंय, त्यामुळे चारही प्रकारचे चटके बसले आहेत.

आधी जे चालूच आहे ते. व्हॉट्सॲप बंद करायच्या भानगडीत पडू नका. बालरथ (शाळेची बस) आज अर्धा तास उशिरा, पावसामुळे उद्या सुट्टी, हे कळवायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा म्हणजे झालं. पण गृहपाठ आणि मार्क तिथे नकोत. गृहपाठाचा फोटो रात्रीपर्यंत पन्नास मेसेजखाली गाडला जातो, आणि प्रत्येक आईचा नंबर सगळ्या वर्गाला दिसतो.

आता गूगल. मान्यताप्राप्त शाळेला गूगलच्या शाळांसाठीच्या संचाची मूळ आवृत्ती खरंच फुकट मिळते. क्लासरूम, फॉर्म्स, डॉक्स सगळं येतं, आणि मीटवर, म्हणजे व्हिडिओ वर्गात, शंभर जण बसतात (रेकॉर्डिंग मात्र या आवृत्तीत नाही). अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी जागा असते. तीनशे-चारशे मुलांच्या शाळेला ती पुरून उरते, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही जागा पूर्वी अमर्याद होती. 2021 मध्ये कंपनीने नियम बदलला आणि भलीमोठी विद्यापीठं जुन्या फायली उपसत बसली. फुकटच्या घरात भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकावा, खोली वाढवू नये.

गूगलची खरी जमेची बाजू अशी की शिक्षकांच्या हाताला त्याची आधीच सवय असते. आमच्या मराठीच्या बाई निवृत्तीला दोन वर्षं असताना फॉर्मवर व्याकरणाची चाचणी घ्यायला लागल्या. त्यांना मी प्रशिक्षण दिलं नव्हतं, त्यांच्या मुलीने एका रविवारी दाखवलं होतं.

आमचं फसलं ते दुसरीकडे. शाळेच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतलं, पण ते नोंदवलं कॉम्प्युटर टीचरच्या खासगी जीमेलवर. पासवर्डही त्याच्याकडेच. मुलगा हुशार, कंत्राटावर होता. सरकारी नोकरी लागली आणि गेला. गोव्यात हे व्हायचंच, त्याला काय दोष द्यायचा! नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहिल्या आणि ऐन गणेश चवथीच्या सुट्टीत डोमेन बंद पडलं. शाळा उघडली तेव्हा एकाही शिक्षकाच्या शाळेच्या पत्त्यावर मेल येईना. त्याला शोधून काढून, त्याच्या घरच्या ओट्यावर बसून ओटीपी मिळवला. चूक सर्वस्वी माझी. म्हणून गूगल घ्या किंवा काहीही घ्या, ॲडमिन दोन हवेत, त्यातला एक कायमस्वरूपी शिक्षक हवा, आणि डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच मेलवर हवं.

मूडलबद्दल मी बराच काळ उगाचच नाक मुरडत होतो. 2002 पासूनचं, ऑस्ट्रेलियात जन्मलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. परवान्याला पैसे नाहीत, आणि माहिती आपल्याच सर्व्हरवर राहते. आपल्याकडे हा विचार नवा नाही. 2000 सालच्या आसपास परदेशातल्या गोवेकरांनी वापरलेले कॉम्प्युटर जमवून इथल्या शाळांना पाठवले होते, त्यांवर लिनक्स होतं, तेही असंच मुक्त सॉफ्टवेअर. मूडलचं मोबाइल ॲप धडे उतरवून ठेवू देतं. शिक्षकाने परवानगी दिली तर चाचणीसुद्धा नेटशिवाय सोडवता येते, रेंज आली की उत्तरं जातात. 2020 मध्ये सत्तरी, सांगेकडची मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. तुमच्या शाळेत अशा वाड्यांवरून मुलं येत असतील तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यावर भारी पडतो. मूडलबॉक्स नावाची सोय तर इंटरनेटच्या तारेशिवाय चालते: रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर, त्याचंच वायफाय, इंटरनेट शून्य, आणि एका वर्गाचं काम होतं.

पण ते राबवणारं माणूस लागतं. भाड्याचा सर्व्हर महिना साधारण हजार-दोन हजारांत मिळतो, खर्च तिथे नाहीच. अपडेट कोण टाकणार, बॅकअप कोण घेणार, जूनमध्ये विजा कडाडताना शाळेतल्या मशीनची पिन कोण काढणार, हा खर्च. मूडलच्या टिकाऊ (एलटीएस) आवृत्त्या घ्याव्यात, त्यांना तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. हायर सेकंडरी किंवा कॉलेज असेल आणि तांत्रिक माणूस कायम नोकरीत असेल, तर मी डोळे मिटून मूडल म्हणेन. नुसत्या हायस्कूलला नाही.

विकतचं ॲप मुख्यतः ऑफिससाठी असतं: फी, हजेरी, दाखले, प्रगतिपुस्तक. क्लार्कचं ओझं ते खरंच उतरवतं. शिक्षकांचं मात्र चढवतं. युनिट टेस्टचे मार्क आधी रजिस्टरात, मग एक्सेलमध्ये, मग ॲपमध्ये. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे सर पावणेपाच वाजता दप्तर आवरून बसलेले मला आठवतात. सर्व्हर गोल गोल फिरतोय आणि शेवटची कदंब बस निघायला दहा मिनिटं. हे पाहिल्यावर मी रजिस्टर बंद करायचा आदेश काढला. तो काढायला मला दोन वर्षं लागली, कारण मला स्वतःलाच कागद हातात लागायचा. हेडमास्तरच प्रिंटाउट मागत असतील तर कुठलंही ॲप घ्या, काम दुप्पटच होणार.

कायद्याचंही पाहा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल धरलंय. म्हणजे आपली अकरावी-बारावीसुद्धा जवळजवळ सगळी त्यात आली. पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्याचा मूळ नियम. त्यामुळे प्रवेश अर्जातच एक स्वच्छ मराठी परिच्छेद घाला: कोणती माहिती, कुठे, किती दिवस. ॲपवाल्याकडून हेच लेखी घ्या.

वर्गात मोठे टच पॅनल लावायचे का, हा प्रश्न या तिन्हींत मिसळू देऊ नका. ती भिंतीवरची वस्तू आहे, निधी आला तर घ्या.

माझा कौल: तीनशे-चारशे मुलांचं हायस्कूल, एकच कॉम्प्युटर टीचर, तोही कंत्राटी, तर अभ्यासासाठी गूगल आणि निरोपासाठी व्हॉट्सॲप. लांबच्या वाड्यांची मुलं असतील तर एका वर्गापुरता मूडलबॉक्स लावून वर्षभर बघा. सुरुवात मुलांपासून करू नका. पहिले तीन महिने फक्त शिक्षकांच्या किरकोळ रजेचा अर्ज फॉर्मवर घ्या, आणि तुमची स्वतःची रजाही त्यातूनच मॅनेजमेंटकडे जाऊ द्या.

विकतचं ॲप दुसऱ्या वर्षी पाहा, तेही फक्त ऑफिससाठी. विक्रेता परत येईल तेव्हा चहा पाजा आणि एकच काम सांगा: दुसऱ्या एखाद्या शाळेची नव्हे, तुमच्याच नमुन्याची आठवीची मार्कलिस्ट त्याच्या ॲपमध्ये भर आणि इथे माझ्यासमोर परत एक्सेलमध्ये काढून दाखव. आमच्याकडे तिघे आले होते. एकाने दाखवली.