पहिलं वॉरबर्ड किट: स्पिटफायर घ्यावं की हरिकेन?

रिमोटवरचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं मॉडेल विमान, उडवून झालं, खालच्या पंखाचं एखादं स्पोर्ट विमानही नीट उतरवता येतं, की मग बाल्साचं (हलक्या लाकडाचं) वॉरबर्ड, म्हणजे युद्धातल्या विमानाचं मॉडेल, बनवायची खाज सुटतेच आणि दहातले आठ जण डोळे झाकून स्पिटफायरचं किट उचलतात. मीही तेच केलं होतं. दुसरं किट हरिकेनचं केलं आणि तेव्हा कळलं की क्रम चुकला, म्हणून हे लिहितोय. (फोमचं तयार विमान हवं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, संध्याकाळी बॉक्स उघडा आणि सकाळी उडवा, इथे बोलतोय ते ज्यांना ब्लेड आणि सँडपेपर हातात धरायचाय त्यांच्यासाठी.)

मूळची दोन्ही ब्रिटिश लढाऊ विमानं एकाच काळातली. हरिकेन पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ ला, स्पिटफायर त्यानंतर चार महिन्यांनी, ५ मार्च १९३६ ला, दोघांचं इंजिनही तेच, रोल्स रॉइसचं मर्लिन. पण डिझायनर सिडनी कॅमनी हरिकेन जुन्या पद्धतीनं बांधलं, म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फॉर्मर (आडव्या चौकटी) आणि स्ट्रिंगर (लांब पट्ट्या) आणि वरून कापड, तर डिझायनर मिचेलचं स्पिटफायर अख्खं पत्र्याच्या कातडीचं. मॉडेल बनवणाऱ्याला हा फरक इतिहासापुरता राहत नाही, टेबलावर रोज नडतो.

आधी विंग, कारण खरा खेळ तिथेच आहे. हरिकेनची विंग सरळ टेपर, म्हणजे निमुळती, होत जाते. रिब (पंखाच्या फासळ्या) एका ओळीत लहान होत जातात, लीडिंग एज (पुढची कड) म्हणजे सरळ पट्टी, एखादी रिब अर्धा मिलिमीटर वर बसली तर सरळ पट्टी ठेवली की लगेच दिसते. मधला भाग सपाट आणि बाहेरचे दोन तुकडे वर कललेले, त्यामुळे बऱ्याच किटमध्ये ते वेगळे निघतात आणि गाडीत न्यायला सोपं पडतं. स्पिटफायरची विंग लंबवर्तुळाकार, म्हणजे कडा कुठेच सरळ नाही, ट्रेलिंग एज (मागची कड) पातळ पट्ट्या ओल्या करून वाकवून एकावर एक चिकटवून करायची, आणि शीटिंग करताना, म्हणजे रिबवर पातळ शीट चिकटवताना, बाल्सा दोन्ही बाजूंनी वाकवायला लागतो तिथे माझ्या दोन शीट तडकल्या. शिवाय विंग आणि फ्यूजलाजच्या (धडाच्या) सांध्यातला तो गोलाईदार फिलेट, त्यात फिलर भरा, घासा, परत भरा, एक अख्खा आठवडा त्यातच गेला आणि वजन वाढलं ते वेगळंच.

आता वॉशआउट, म्हणजे पंखाला टोकाकडे दिलेला पीळ. लंबवर्तुळाकार विंगला पीळ दिला नाही तर ती सगळीकडे जवळपास एकदमच स्टॉल होते, म्हणजे उचल सोडते, आणि मॉडेलमध्ये टोकाला कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) इतकी छोटी असते की तिथली हवा आधीच सुटते. मग लँडिंगला वेग जरा कमी झाला की एक पंख धाडकन खाली. म्हणून टोकाची पुढची कड मुळापेक्षा दोन-अडीच अंश खाली पिळतात (खऱ्या स्पिटफायरलाही असा पीळ होता). किटमधल्या रिबना खाली छोटे पाय असतात ते ह्यासाठीच, आणि मी शहाणपणा करून शीटिंगच्या आधीच ते कापले. शीट चिकटली की पीळ लॉक होतो, नंतर मोजलं तर डावीकडे दोन अंश आणि उजवीकडे जेमतेम अर्धा. तरीही उडवलं. तिसऱ्या लँडिंगला उजवा पंख पडला आणि पुढचं सांगायला नको. हरिकेनची विंग जाड आणि टोकही त्यामानाने रुंद, वॉशआउट तिथेही द्याच, पण हात थोडा चुकला तर ते सांभाळून घेतं.

आकड्यात बघा. १:८ स्केलला स्पिटफायरचा स्पॅन (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) साधारण १.४० मीटर आणि हरिकेनचा १.५२. विंगचं क्षेत्रफळ अंदाजे ३५ आणि ३७ चौरस डेसिमीटर. दोघांचं वजन ३ किलो धरलं तर स्पिटफायरवर दर चौरस डेसिमीटरला साधारण ८५ ग्रॅम, हरिकेनवर ८०. फरक छोटा वाटतो, पण उतरताना जाणवतो. मोटर दोघांना सारखीच लागेल, साधारण १००० वॉट पुरतात.

लँडिंग गिअरमध्ये तर तुलनाच नाही. स्पिटफायरचे पाय मुळाशी जोडलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून उभं असताना चाकं जवळजवळ, थोडं वारं आडवं आलं की डुलतं आणि पंखाचं टोक गवताला लागतं. हरिकेनचे पाय बाहेर जोडलेले आणि आत मिटतात, चाकं लांब लांब, बैठक पक्की. टेकऑफला दोन्ही डावीकडे ओढतात, उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) तयार ठेवा आणि थ्रॉटल हळूहळू द्या, एकदम नाही.

म्हणजे हरिकेन सोपंच का? तसंही नाही. मागच्या भागात स्ट्रिंगर इतके आहेत की पहिल्या दिवशी प्लॅन बघूनच घाम फुटतो. एक बारीक गोष्ट: दोन स्ट्रिंगरच्या मधला फॉर्मरचा भाग सँडपेपर गुंडाळलेल्या पेन्सिलीनं थोडा आत घासा, नाहीतर कापड ताणल्यावर फॉर्मरची आडवी रेघ वर उठते आणि विमान उपाशी घोड्यासारखं दिसतं. आणि शेपटी हलकी ठेवा, मागे एक ग्रॅम गेला की नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं, हे दोन्ही विमानांना लागू आहे. फिनिशिंगला मात्र हरिकेन दयाळू, मागे कापड इस्त्रीनं ताणलं की झालं, तर स्पिटफायरला पत्र्याचा गुळगुळीतपणा हवा म्हणजे पूर्ण शीटिंग, त्यावर पातळ ग्लास क्लॉथ, रेझिन आणि घासत बसणं. मला ते घासणं आवडतं, बायकोला घरभर उडणारी पांढरी धूळ नाही.

दिसण्यात स्पिटफायर जिंकतं, वाद नाही. हरिकेन पाठीला पोक काढून उभं असल्यासारखं दिसतं आणि फोटोत कुणी विचारतही नाही. हवेत जवळून गेलं की मात्र ते अंगानं भरलेलं, खरं वाटतं, आणि मी आज उडवायला निघालो की हात आपोआप त्याच्याकडेच जातो.

पहिलंच वॉरबर्ड असेल तर हरिकेन घ्या. आधी एक-दोन बाल्सा किट झाली असतील आणि हिवाळाभर एकाच विंगवर बसायची तयारी असेल तर खुशाल स्पिटफायर. आणि त्याचा बॉक्स ऑलरेडी घरी येऊन पडला असेल तर निदान रिबचे पाय शीटिंग दोन्ही बाजूंनी वाळेपर्यंत कापू नका, आणि कव्हरिंगच्या आधी दोन्ही टोकांचा अँगल मोजून प्लॅनवरच लिहून ठेवा.