सापाच्या पेटीला ऊब: खालून मॅट की वरून दिवा?

चटका बसला की साप आपणहून बाजूला सरकेल, असं वाटत असेल तर तो समज आधी सोडा. अंगात ऊब कमी असली की साप मिळेल त्या गरम जागेवर वेटोळं घालून बसतो, आणि बऱ्याचदा पोट भाजेपर्यंत बसून राहतो. पोटावरचे खवले आधी गुलाबी पडतात, मग तपकिरी होतात, कधी फोड येतात. आपल्याला ते दिसतही नाही, कारण पोट जमिनीला टेकलेलं. म्हणून विजेवर तापणारी मॅट घ्यावी की दिवा, याचा निर्णय नुसत्या सोयीवर सोडता येत नाही.

पेटी सगळीकडे सारखी तापवायची नसते, हेही आधीच सांगतो. एक टोक गरम, दुसरं थंड, आणि साप दोन्हींमध्ये ये-जा करून आपलं तापमान राखतो. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या सापांच्या जाती. बॉल पायथनला गरम टोकाला साधारण 31 ते 33 अंश सेल्सियस लागतं, थंड टोकाला 25 ते 27. कॉर्न स्नेकचं थोडं कमीत भागतं: इकडे 29 ते 31, तिकडे 22 ते 24. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही, तसाच उलटून पडतो. थंडी आणि ओल एकत्र आली तर श्वसनाचा आजार जडतो.

आता मॅट. पातळ, चपटी, पेटीच्या तळाला बाहेरून चिकटवायची, तळाचा तिसरा हिस्सा व्यापेल एवढीच. वीज कमी खाते, उजेड नाही, आवाज नाही. प्लॅस्टिकच्या उथळ पेटीत वाढणाऱ्या पिल्लाला ती पुरते. पण मॅट हवा तापवत नाही, फक्त वरचा पृष्ठभाग तापवते. खोली गार असेल तर पेटीतली हवा गारच राहते, साप मॅटवरून हलत नाही, आणि भाजायची सुरुवात तिथूनच होते. त्यात भर म्हणून हौसेनं कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) चार बोटं जाड थर घातला, की उष्णता वर यायची वाट बंद. ती खाली काचेत साठत जाते. वर हात ठेवला तर कोमट लागतं. साप मात्र उकरत उकरत थेट तापलेल्या काचेपर्यंत जातो. मॅट असेल तर थर पातळच हवा, आणि पेटीखाली हवा खेळायला थोडी फट हवी. लाकडी पेटीला मॅट लावूच नये. लाकूड उष्णता अडवून धरतं, आणि अडकलेल्या उष्णतेनं आगीची भीती.

वरून ऊब द्यायची तर हॅलोजन दिवा मला सगळ्यांत आवडतो. त्याची ऊब उन्हाच्या जवळ जाणारी: कातडीपाशी न थांबता आत स्नायूंपर्यंत पोचणारी. दिव्याखाली सपाट दगड ठेवला की तोही तापतो आणि सापाला पोटाकडूनही शेक मिळतो. अडचण एकच, रात्री उजेड नको. लाल दिवा सापाला दिसत नाही म्हणून रात्रभर चालतो, असं पुष्कळजण सांगतात. त्यावर विसंबू नका. सापाला रात्र काळोखीच हवी.

रात्रीसाठी सिरॅमिक हीटर, म्हणजे दिव्यासारखा होल्डरमध्ये बसणारा, पण फक्त तापणारा. उजेड अजिबात नाही, हवा बऱ्यापैकी तापते. मात्र मोठ्या वॅटच्या सिरॅमिकचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो. साप त्याला विळखा घालू शकला तर पुढचं सांगायला नको. जाळीचा पिंजरा बसवल्याशिवाय तो पेटीच्या आत लावायचा नाही, आणि होल्डर चिनीमातीचा घ्यायचा, प्लॅस्टिकचा वितळतो. हवा कोरडी होते, हाही तोटा. कात टाकताना सापाला त्रास होतो, तेव्हा पाण्याचं भांडं मोठं ठेवा.

मोठ्या लाकडी पेटीसाठी छताला बसणारं रेडियंट पॅनेल, म्हणजे खाली उष्णता सोडणारी सपाट पाटी, चांगलं. महाग, पण विळखा घालायला त्यात काही नाही. तापणारे नकली दगड मिळतात, त्यांचा विचारही करू नका.

यातलं काहीही निवडा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान बघून वीज कमी-जास्त किंवा बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, प्लग लावायचा नाही. मॅटपेक्षा थर्मोस्टॅट महाग पडला की नाकापेक्षा मोती जड वाटतो खरा. पण नियंत्रण नसलेली मॅट सहज पन्नास अंशांवर जाऊ शकते. जोडी मात्र नीट जुळवा. मॅटला साधा चालू-बंद करणारा चालतो. हॅलोजनला डिमिंगचाच, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा लागतो, नाहीतर दिवा सारखा उघडझाप करतो आणि लवकर जातो. सिरॅमिकला पल्स (वीज थोड्या थोड्या वेळाच्या झटक्यांत देणारा) किंवा डिमिंग.

थर्मोस्टॅटचा सेन्सर, म्हणजे तारेच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, कुठे बसवलाय, यावर सगळं अवलंबून. माझ्या पेटीत तो चिकटपट्टीनं लावला होता. एका रात्री सापानं तो उखडला आणि तार ओढत पाण्याच्या भांड्यात नेऊन टाकला. पाणी गार, म्हणून थर्मोस्टॅटच्या मते पेटीही गार, आणि मॅट पहाटेपर्यंत अखंड चालू. साप थंड टोकाला पाइपच्या तुकड्यात अंग चोरून बसला होता म्हणून वाचला. तेव्हापासून सेन्सर मॅट आणि काचेच्या मध्ये, बाहेरून. आतलं तापमान बघायला वेगळा थर्मामीटर. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर झाकण उघडून मोजा. काचेतून तो आतलं नाही, काचेचंच तापमान दाखवतो.

तेव्हा पिल्लू, उथळ प्लॅस्टिकची पेटी आणि खोली फारशी गार पडत नाही, असं असेल तर मॅट घ्या. काचेची किंवा लाकडी मोठी पेटी असेल, किंवा साप चढणारा असेल, तर दिवसा हॅलोजन आणि रात्री जाळीतला सिरॅमिक. साप आणण्याआधी पेटी दोन दिवस रिकामीच चालवा, आणि पहाटे एकदा उठून दोन्ही टोकांचे आकडे बघा.