युद्धकवितांची तुलना : कोणती जोडी निवडाल?

युद्धावरच्या दोन कवितांची तुलना करणारा निबंध लिहायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी एकाच जोडीकडे जातो : एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी टेनिसन याची 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' आणि पहिल्या महायुद्धात लढलेला कवी विल्फ्रेड ओवेन याची 'डल्से एट डेकोरम एस्ट' ('गोड आणि उचित आहे' अशा अर्थाचं लॅटिन नाव). एक शौर्याचं गाणं, दुसरी त्या गाण्याला दिलेलं उत्तर. विरोध एवढा ठळक की लिहायला सोपं जाईल असं वाटतं. विद्यार्थी असताना मीही हीच जोडी घेतली होती. अडचण लिहायला बसल्यावर कळली. दोन कवितांची मतं इतकी उलट आहेत की लय, यमक, उपमा पाहण्याआधीच निष्कर्ष ठरून जातो, आणि मग काव्यतंत्र म्हणजे त्या निष्कर्षाला चिकटवलेले पुरावे होऊन बसतात.

म्हणून जोडी निवडताना मी आता एकच गोष्ट पाहतो. दोन्ही कवींनी एकच साधन हाती घेतलंय का, आणि त्या साधनानं दोन ठिकाणी दोन वेगळी कामं केली आहेत का? या कसोटीवर तीन जोड्या ताडून पाहू.

टेनिसन आणि ओवेन

क्रिमियन युद्धातली बालाक्लावाची चढाई 25 ऑक्टोबर 1854 ची. चुकीचा समजला गेलेला हुकूम आणि थेट तोफांच्या तोंडी गेलेलं घोडदळ. टेनिसनची कविता त्याच वर्षीच्या डिसेंबरात छापून आली. 'हाफ अ लीग, हाफ अ लीग, हाफ अ लीग ऑनवर्ड' हे मोठ्यानं म्हणून पाहा : एक आघाताचं अक्षर, मग दोन हलकी. टापांचा आवाज येतो, हे सगळेच लिहितात. त्यापुढे जाऊन विचारायचा प्रश्न असा की ही लय कुणाला थांबू देत नाही? सैनिकांना तर नाहीच, पण वाचकालाही नाही. 'कुणीतरी चुकलं होतं' ही ओळ दुसऱ्याच कडव्यात येते, पण लय इतकी पुढे रेटत असते की चूक कुणाची, हे विचारायला श्वासच उरत नाही. विचार करणं हे त्यांचं काम नव्हतं, असं कविता सांगते आणि वाचकालाही तसंच धावायला लावते.

ओवेनची कविता 1917 मधली, त्याच्या मृत्यूनंतर 1920 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिथे ओळी चालतच नाहीत, लंगडतात. स्वल्पविराम वाटेत आडवे येतात, सैनिक पोत्याखालच्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे वाकलेले. गॅसच्या हल्ल्यात एक जण हिरव्या समुद्रात बुडावा तसा बुडताना दिसतो, आणि इथे ओवेननं जे केलंय ते मला आजही थरारून सोडतं. 'ड्राउनिंग' या शब्दाचं यमक त्यानं 'ड्राउनिंग' याच शब्दाशी जुळवलंय. दुसरा शब्द सापडला नाही म्हणून नव्हे. त्या दृश्यातून बाहेर पडायला वाटच नाही म्हणून. त्याच जागी भूतकाळ सुटतो आणि वर्तमानकाळ सुरू होतो, कारण तो माणूस अजून रोज स्वप्नात बुडतो आहे.

वेळ कमी असेल तर ही जोडी चालते. साहित्य भरपूर, अवतरणं सोपी. पण 'एकानं गौरव केला, दुसऱ्यानं निषेध' या वाक्यापाशी निबंध थांबला तर तो सगळ्यांसारखाच होईल.

टेनिसन आणि कुसुमाग्रज

ही जोडी सहसा कुणी घेत नाही, आणि मला सर्वांत श्रीमंत हीच वाटते. 'वेडात मराठे वीर दौडले सात' ही कविता आपल्या इतकी ओठांवर असते की तिच्याकडे रचना म्हणून पाहायचं राहून जातं. 1674 साली नेसरीला प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, तो प्रसंग. म्हणजे दोन्ही कवितांत घोडेस्वार आहेत, समोर मरण ठरलेलं आहे, आणि डावपेच म्हणून चढाईला अर्थ नाही. विषय इतका जवळ आला की मगच तंत्रातला फरक दिसू लागतो.

आधी आकडा पाहा. दोन्ही कविता एका संख्येवर उभ्या आहेत. टेनिसन 'हंड्रेड'शी 'ब्लंडर्ड', 'थंडर्ड', 'वंडर्ड' जुळवतो. कुसुमाग्रज 'सात'शी 'रात', 'वणव्यात', 'गात' जुळवतात. टेनिसनला सहाशे हा आकडा लयीसाठी इतका हवा होता की बातम्यांतला मोठा आकडा त्यानं घेतला नाही. पण त्याचं पालुपद बदलत जातं : सहाशे निघाले, परतताना 'सहाशे नव्हेत', मग सहाशेंतले उरलेले, आणि शेवटी 'थोर सहाशे'. पालुपदच हिशेब ठेवतं. सातांच्या बाबतीत हिशेबाचा प्रश्नच नाही. सात निघाले आणि सातही गेले, म्हणून तिथे संख्या घटत नाही. ती ध्रुवपदात जशीच्या तशी दौडत राहते.

आता वेढा पाहा. टेनिसनमध्ये तोफा उजवीकडे, डावीकडे, समोर. परतीच्या वाटेवर फक्त एक शब्द बदलतो आणि तोफा मागे येतात. कुसुमाग्रजांकडे 'खालून आग, वर आग, आग बाजूंनी'. दोघांनीही द्विरुक्तीनं वर्तुळ बंद केलंय. मात्र टेनिसनच्या वर्तुळातून काही जण परत येतात, तर इथे पुढच्याच ओळींत सात पाखरं वणव्यात जळून जातात. पाखरांची ही प्रतिमा नीट पाहावी. योद्ध्यांसाठी सिंह, वाघ, गरुड असं काहीही घेता आलं असतं, तरी कवीनं लहान, नाजूक 'खग' निवडला. शौर्य त्यामुळे कमी होत नाही. जीव मात्र किती कोवळे होते ते कळतं.

आणि शब्द 'वेड'. टेनिसन चढाईला 'वाइल्ड' म्हणतो, पण शेवटच्या कडव्यात, आणि लगेच तिला मान द्या असा आदेश देतो. कुसुमाग्रजांनी 'वेडात' हा शब्द ध्रुवपदात अगदी पहिला ठेवला. मराठीत वेड म्हणजे भ्रमिष्टपणाही आणि ध्यासही, आणि कविता दोन्हींपैकी एक निवडत नाही. दोष कुणाचा, हेही इथे वेगळं आहे. बालाक्लावात चूक वरच्या कुणाची तरी, अनामिक. नेसरीत कविता सुरू होते ती शिवाजी महाराजांच्या ठपक्याच्या पत्रानं. ती अक्षरं आतून जाळत जातात. एकीकडे माणसं हुकूम पाळतात, दुसरीकडे स्वतःच स्वतःला हुकूम देतात.

शेवटसुद्धा समोरासमोर ठेवा. टेनिसन विचारतो की यांची कीर्ती कधी तरी मावळेल का, आणि वाचकाला मान द्यायला सांगतो. कुसुमाग्रज वाचकाला काहीच सांगत नाहीत. दगडावरच्या टाचा, ओढ्यातला रक्ताचा रंग, क्षितिजावर उठणारा मातीचा मेघ, आणि प्रत्येक चित्राजवळ 'अजुनी' हा शब्द. स्मारक बांधायचं काम निसर्गावर सोडलंय.

अडचण एकच, पण खरी आहे. दोन भाषांच्या कविता एकाच निबंधात घेता येतात का, हे आधी शिक्षकांना विचारून घ्या. इंग्रजी ओळ देताना तिचा अर्थही द्यावा लागतो आणि लयीबद्दल बोलायचं तर ओळ मूळच्या आवाजात द्यावी लागते. तेवढी मेहनत करायची नसेल तर ही जोडी घेऊ नका.

ओवेन आणि आर्मिटेज

आजचा इंग्रज कवी सायमन आर्मिटेज याची 'रिमेन्स' 2008 च्या संग्रहातली, इराकमधल्या बसरा इथे लढलेल्या एका सैनिकाच्या अनुभवावर आधारलेली. ज्यांना लय ऐकू येत नाही पण बोलण्याचा सूर चटकन कळतो, त्यांच्यासाठी ही जोडी. कविता 'आणखी एका वेळी' अशा अर्थाच्या शब्दांनी, गप्पांच्या मध्येच सुरू होते. म्हणजे असे प्रसंग आधीही झालेत. बँक लुटून पळणाऱ्याला तिघे गोळ्या घालतात. तिथे 'आम्ही' आहे. घरी परतल्यावर उरतो तो फक्त 'मी'. तो पळणारा माणूस शस्त्रधारी होता बहुधा, कदाचित नव्हता. ही ओळ जशीच्या तशी परत येते, आणि दुसऱ्या वेळी ती माहिती राहत नाही, छळ होते.

ओवेनशी नातं इथेच जुळतं : दोघांकडे पुनरुक्ती म्हणजे आठवणीचा हल्ला. फरक दोषाचा आहे. ओवेनचा निवेदक हतबल होऊन पाहत होता, आर्मिटेजच्या निवेदकानं गोळी झाडली होती. ओवेन शेवटी 'माझ्या मित्रा' म्हणत बाहेर कुणाला तरी जाब विचारतो. आर्मिटेजचा सैनिक शेवटच्या दोन ओळींत स्वतःच्या हातांकडे पाहतो, आणि चार-चार ओळींची कडवी अचानक दोन ओळींवर तुटतात.

टेड ह्यूजची 'बेयोनेट चार्ज' ही चौथी शक्यता. ती धावण्याच्या मधोमध सुरू होते आणि राजा, सन्मान वगैरे शब्द एका यादीत गळून पडतात. आर्मिटेजऐवजी ओवेनबरोबर ती ठेवता येईल, पण निवेदक तृतीयपुरुषी असल्यानं 'आम्ही' आणि 'मी' मधला ताण हातून निसटतो.

माझं मत विचाराल तर परवानगी असल्यास टेनिसन आणि कुसुमाग्रज, नसल्यास ओवेन आणि आर्मिटेज. ठरवण्याआधी एका बैठकीत दोन्ही कविता मोठ्यानं वाचा, पेन्सिल हातात न घेता. मग न पाहता आठवा : पहिलीतली कोणती ओळ दुसरी वाचताना पुन्हा कानात वाजली? तशी एकही ओळ नसेल तर जोडी बदला. असेल तर निबंधाची सुरुवात त्याच ओळीपासून करा.