चिठ्ठीवर +४, मनगटावर +२५

यांत्रिक घड्याळासोबत तपासणीची छापील चिठ्ठी आली: दिवसाला +४ सेकंद (म्हणजे चार सेकंद पुढे), अ‍ॅम्प्लिट्यूड (आतल्या चाकाचा झोका) २८५ अंश, बीट एरर (टिक आणि टॉकच्या वेळेतला फरक) ०.२ मिलिसेकंद. वाचून जीव सुखावला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर घड्याळ सव्वा मिनिट पुढे!

हेअरस्प्रिंगला (त्या चाकाच्या केसासारख्या स्प्रिंगला) चुंबक लागला की घड्याळ पळतं, म्हणून आधी होकायंत्राजवळ नेलं. सुई ढिम्म. मग टिकटिक ऐकून चाल मोजणारा माझा टाइमग्राफर काढला (हो, एवढं वेड आहे). पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून मोजलं, तर चिठ्ठी अगदी खरी. क्राउन (चावीचं बटण) खाली करून उभं धरलं आणि आकडा थेट +२८ वर, अ‍ॅम्प्लिट्यूड २३५. म्हणजे पाठवणाऱ्याने आडवं ठेवून एकदाच मोजलं आणि डबा बंद केला. मनगटावर घड्याळ काय दिवसभर झोपून असतं?

स्वित्झर्लंडची सीओएससी ही तपासणी संस्था क्रोनोमीटरचं (अचूक घड्याळाचं) प्रमाणपत्र देण्याआधी घड्याळाचं यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत, ३ तापमानांत तपासते. तेवढं मी मागत नाही. पण दोन उभ्या स्थिती बघायला पाच मिनिटं पुरतात.

बाकी काम नेटकं. तारीख बाराला झटकन पलटते, काचेखाली भिंगातूनही कण दिसला नाही. तक्रारीवर वाद न घालता त्यांनी घड्याळ परत घेतलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा नव्या चिठ्ठीवर पाच स्थितींचे आकडे होते, सगळ्यात वाईट +९. माझ्या टाइमग्राफरवर +१०. पाचापैकी साडेतीन तारे. ही दुसरी चिठ्ठी पहिल्यांदाच आली असती तर साडेचार दिले असते.