‘घे घर, मला काही नको’ : संयुक्त गृहकर्ज सोडवणाऱ्या मध्यस्थीचा आमचा अनुभव

नवरा-बायको वेगळे झाले तरी गृहकर्ज आपोआप वेगळं होत नाही, हे मला रात्रपाळीत कळलं. वॉर्डातली पहाटेची औषधं देऊन झाली, जरा टेकले, फोन बघितला तर हप्ता परत गेल्याचा मेसेज. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा आणि त्या महिन्यात त्याचा पगार लांबला होता. आम्हाला वेगळं राहायला लागून सात महिने झाले होते. घरात मी राहत होते, ‘हप्ता तू भर, बाकीचं मी बघते’ एवढंच तोंडी ठरलं होतं. पण कर्जावर सह्या दोघांच्या. तिथे निम्मं त्याचं आणि निम्मं माझं असा हिशोब नसतो. बँक पूर्ण थकबाकी दोघांपैकी कुणाकडेही मागू शकते, आणि चुकलेल्या हप्त्याचा डाग दोघांच्याही क्रेडिट स्कोअरला लागतो.

त्यानंतर आम्ही मध्यस्थीची सेवा घेतली, म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढायला मदत करणारी. एकूण पाच बैठका झाल्या, फी दोघांनी निम्मी-निम्मी भरली. काम पूर्ण झालंय, म्हणून आता लिहिते.

मध्यस्थी करणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी कोरा कागद समोर ओढला, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘घर कुणाचं’, उजवीकडे ‘कर्ज कुणाचं’. दोन्हीकडे आमची दोघांची नावं. म्हणाल्या, “हे दोन वेगळे कागद आहेत. एकावरचं नाव काढलं म्हणून दुसऱ्यावरचं निघत नाही. आणि तुमच्या दोघांत काहीही ठरलं, तरी बँकेने मान्य करेपर्यंत ते बँकेला लागू होत नाही.” आमच्या ओळखीतल्या कितीतरी शहाण्या माणसांनी आम्हाला सल्ले दिले होते. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत जे झालं, त्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहितेय. घर घेताना सुरुवातीची रक्कम बरीचशी माझ्याकडून गेली होती, पुढचे हप्ते बरेचसे त्याने भरले होते. त्यावरून शब्दाला शब्द लागला. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “घे घर, मला काही नको. कुठे सही करू सांग, आत्ता करतो.” खरं सांगते, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, “आज मालकी सोडलीत तर घर यांचं होईल. कर्ज मात्र तुमच्याही नावावर राहील. उद्या यांचे हप्ते थकले तर बँक तुम्हाला फोन करेल, ज्या घरावर तुमचा काही हक्क नाही त्या घरासाठी. चालेल?” तो गप्प झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्हाला पुढे यांच्याशिवाय कर्ज झेपणार नसेल, तर नुसतं घर नावावर घेऊन काय कराल?”

माझा फायदा होत असताना त्यांनी त्याला थांबवलं. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला आणि मला वाटतं, त्याचाही.

मग त्यांनी कर्जखात्याचा उतारा ओळीने वाचायला घेतला. पाच वर्षं हप्ते भरलेत म्हणजे बरंच फिटलं असेल, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. त्यांनी सोपा हिशोब मांडला. 100 रुपये कर्ज, 20 वर्षं मुदत, 8 टक्के व्याज. पाच वर्षांत साधारण 50 रुपये हप्त्यांत जातात, पण त्यातले मुदलात जेमतेम साडेबारा. साडेसदतीसच्या वर व्याज. म्हणजे अजून साडेसत्याऐंशी बाकी! आमचा उतारा जवळपास तेच सांगत होता. ज्यावरून आम्ही भांडत होतो त्यातला मोठा भाग व्याजात कधीच गेला होता. हे समोर आलं आणि भांडणातला जोरच उतरला.

वाटणीची त्यांची पद्धत मला पटली. आधी स्वतंत्र मूल्यांकन करून घराची आजची किंमत काढायची. त्यातून बाकी मुद्दल आणि होणारा खर्च वजा करायचा. जे उरेल ते वाटायचं. माझी सुरुवातीची जास्तीची रक्कम आधी बाजूला काढली. वेगळं राहायला लागल्यापासून त्याने एकट्याने भरलेल्या हप्त्यांतला मुदलाचा भाग त्याच्या खाती धरला. त्याच महिन्यांचं व्याज मी द्यायचं ठरलं, कारण घर मी वापरत होते. ‘हा काही नियम नाही, तुम्हा दोघांना पटतंय का ते बघा,’ असं त्या दर वेळी बजावत होत्या.

रस्ते तीनच होते. घर विकून कर्ज फेडायचं, एकाने घर आणि कर्ज दोन्ही घ्यायचं, किंवा काही काळ दोघांची नावं तशीच ठेवून मुदत लेखी ठरवायची. मला घर ठेवायचं होतं. मॅडमनी किमतीची चर्चा बाजूला ठेवून मला आधी बँकेकडे पाठवलं, माझ्या एकटीच्या पगारावर किती कर्ज बसतं ते विचारायला. उरलेल्या मुदतीत बसत नव्हतं, मुदत वाढवल्यावर बसलं. एकूण व्याज वाढणार हे त्यांनी आकडा काढून दाखवलं. मी विचार करून हो म्हटलं.

बँकेचा अनुभव त्रासाचा होता. प्रत्येक खेपेला नवा अधिकारी, नवी यादी. एकाने सांगितलं नाव कमी होईल, दुसऱ्याने सांगितलं नवंच कर्ज घ्यावं लागेल. शेवटी माझ्या नावावर नवं कर्ज झालं, जुनं खातं त्यातून फेडलं. मालकीच्या कागदांवरची त्याची सही आणि त्याचा वाटा त्याच्या खात्यात जमा होणं, हे दोन्ही मॅडमनी एकाच दिवशी धरायला लावलं. जुनं खातं बंद झाल्याचं आणि बाकी शून्य असल्याचं पत्र त्याला मिळेपर्यंत त्यांनी फाइल मिटवली नाही. महिन्याभराने क्रेडिट अहवाल काढायला लावला, तर जुनं कर्ज तिथे चालूच दिसत होतं! तक्रार करून ते दुरुस्त करून घेतलं. कर्जाला जोडलेला विमा त्याच्या नावाचा होता, तो बदलायचा हेही त्यांच्याच लक्षात आलं.

आता उणं. दोन-तीन बैठकांत होईल असं सुरुवातीला सांगितलं होतं, पाच लागल्या, आणि फी बैठकीमागे असल्यामुळे ते खिशाला जाणवलं. कराराच्या पहिल्या मसुद्यात कर्जखात्याच्या क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले होते. मी वाचला म्हणून सापडलं, असल्या कागदात ही चूक व्हायला नको. आणि त्या वकील नाहीत. सहीआधी करार आपापल्या वकिलाला दाखवा असं त्यांनीच सांगितलं, तो खर्च वेगळा.

जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, मारहाण झाली आहे, तिथे एका टेबलाशी बसणं मी कुणालाच सुचवणार नाही. पण फक्त राग आहे, दुखावलेपण आहे आणि मधे एक कर्ज अडकलंय, अशांनी नक्की जावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

जाताना कर्जखात्याचा पहिल्या हप्त्यापासूनचा पूर्ण उतारा, कर्जाचा करार, मालकीचे कागद, विम्याची पॉलिसी आणि सुरुवातीची रक्कम कुणाच्या खात्यातून गेली त्याचा पुरावा न्या. आम्ही फक्त शेवटच्या वर्षाचा उतारा नेला होता, आणि पहिल्या बैठकीतला निम्मा वेळ त्यातच गेला.