छतावरचं पाणी: टाकीत साठवायचं की बोअरमध्ये जिरवायचं?

घर बांधायला निघालेला किंवा उन्हाळ्यात टँकरला कंटाळलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. पाणी अडवायचं हे त्याचं पक्कं झालेलं असतं, पैशांची तयारीही असते. अडतं ते एवढ्यावरच, की टाकी बांधू की बोअरचं पुनर्भरण करू?

माझं उत्तर आधीच सांगतो. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी हवं असेल तर टाकी. वापराच्या पाण्यासाठी बोअर किंवा विहीर मे महिन्यापर्यंत टिकवायची असेल तर पुनर्भरण, पण आधी खाली खडक कोणता आहे ते बघून. दोन्ही जमत असेल तर टाकी आधी आणि तिचा ओव्हरफ्लो जमिनीत. गफलत होते ती एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलं की.

पाणी किती मिळणार?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फूट छत म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. पुणे शहरात किंवा मराठवाड्याच्या बऱ्याच भागात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला आणि बाष्पीभवन, शिंतोडे, गळती यांत पाचवा भाग गेला असं मानलं, तरी 52,000 लिटर पाणी हाती लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात 3,000 मिलिमीटर धरलं तर त्याच छतावरून सव्वादोन लाख लिटर.

आता गरज बघा. शहरी पाणीपुरवठ्याच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 135 लिटर, म्हणजे चौघांना 540 लिटर लागतं. 52,000 लिटर या हिशोबाने जेमतेम तीन महिने पुरेल, आणि तेवढी टाकी बांधायला घराखाली दुसरं घर बांधावं लागेल. पण पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तर चौघांना रोज वीसच लिटर लागतं. 5,000 लिटरची टाकी 250 दिवस, म्हणजे ऑक्टोबर ते मे हे कोरडे आठ महिने सहज काढते. टाकीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. टाकीवर सगळं घर चालवायचं मनात आणलं तर ती परवडत नाही, आणि फक्त प्यायला ठेवली तर तिच्याइतकी भरवशाची दुसरी सोय नाही.

खडक काय म्हणतो?

पुनर्भरणाचं यश छतापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून असतं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. हा दगड स्पंजासारखा पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगा-सांध्यांत, आणि दोन थरांच्या मधल्या मऊ, सच्छिद्र पट्ट्यात. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरचा बोअर हजारो लिटर पाणी गटागटा पितो आणि शेजारचा तोंडाशी येऊन थांबतो. कंत्राटदार सगळ्यांना एकच नकाशा दाखवत असेल तर तिथेच थांबावं.

यावर उपाय स्वस्त आहे. मे महिन्यात, पातळी सगळ्यात खाली असताना, दोरीला वजन बांधून बोअरमधली पातळी मोजा. मग टँकरभर स्वच्छ पाणी आत सोडा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. पाणी झपाट्याने मूळ पातळीला गेलं तर खाली वाट आहे. तासाभरानेही पाणी केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपात, तसंच उभं असेल, तर पावसाळ्यात तुमचं छताचं पाणी आत न जिरता बाहेर वाहणार आहे. टँकरचे पैसे वाया गेले असं तेव्हा वाटेल, पण खड्डा, खडी, पाइप आणि मजुरी यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

उघडी विहीर असेल तर प्रश्न खूप सोपा होतो. विहिरीचे झरे उथळ थरातले असतात, पाणी तिथे लवकर पोचतं आणि लवकर परतही मिळतं. सात-आठशे फूट खोल बोअरचं तसं नाही. तिथलं पाणी अनेकदा लांबून, हळूहळू आलेलं असतं, आणि एका छताचं पाणी त्यात टाकून यंदाच्या मे महिन्यात फरक दिसेल याची खात्री कुणी देऊ नये. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते गावात बोअर कमी होते म्हणून नव्हे, होते ते आटले होते म्हणून.

कोकणात आणि गोव्यात गणित उलटं होतं. तिथला जांभा दगड पाणी आनंदाने पितो, पण धरून ठेवत नाही. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावरच्या, विहिरी सप्टेंबरला काठोकाठ असतात आणि मार्च-एप्रिलला तळ दिसतो, कारण मधल्या काळात पाणी उतारावरच्या झऱ्यांवाटे ओढ्याला, खाडीला जाऊन मिळालेलं असतं. जूनमध्ये विहिरीत सोडलेलं पाणी एप्रिलमध्ये आपल्याच विहिरीत सापडेल ही अपेक्षा तिथे धरू नये. सड्यावरच्या घराला मी डोळे झाकून टाकी सांगेन. अपवाद किनाऱ्यालगतच्या गावांचा. तिथे विहिरी मचूळ होऊ लागल्या असतील तर गोडं पाणी जमिनीत घालणं हा समुद्राचं खारं पाणी मागे रेटायचा एक मार्ग आहे.

विदर्भात दोन ठिकाणी निर्णय सोपा आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात खालचं पाणीच खारं आहे. त्यात छताचं चांगलं पाणी मिसळून पुन्हा तेच उपसून पिण्यात हशील नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांतही पिण्यापुरती टाकी आधी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, आणि दुसरी सोय नसेल तरच दीडपर्यंत चालतं. पावसाच्या पाण्यात ते जवळपास नसतंच. लहान मुलांच्या दातांवर डाग उमटलेले दिसत असतील तर पाणी तपासून घ्या आणि टाकीचं काम पुढे ढकलू नका.

पाण्याची प्रत

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर बसणारा पांढरा थर, डाळ न शिजणं ही त्याची खूण. पावसाचं पाणी मऊ असतं, क्षार नगण्य. म्हणून टाकीचं पाणी प्यायला आरओ लागत नाही, आणि आरओच्या मागच्या नळीतून मोरीत जाणारं पाणीही वाचतं. घरात आरओ लावलेला आहे तो केवळ बोअरच्या क्षारांमुळे असेल, तर टाकीच्या खर्चातून तो खर्च वजा करून बघा. क्षार नसलेलं पाणी प्यायल्याने शरीराला खनिजं कमी पडतील ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. आपल्याला खनिजं मुख्यतः अन्नातून मिळतात.

पण मऊ म्हणजे शुद्ध नव्हे. छतावर पक्ष्यांची विष्ठा, धूळ, पालापाचोळा असतोच. वळवाचं आणि मृगाच्या पहिल्या सरींचं पाणी टाकीत घ्यायचंच नाही. पुढेही प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर पहिलं पाणी वळवून टाकायचं. इथे बाजारात मिळणाऱ्या व्यवस्थेकडे जरा नीट बघा. बरेच जण उभा चार इंची पाइप खाली बूच लावून देतात आणि पहिलं पाणी वळवलं म्हणतात. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये आठ लिटर पाणी मावतं, म्हणजे तीन मीटर पाइपमध्ये 24 लिटर. हजार चौरस फूट छत धुवून निघायला निदान एक मिलिमीटर, म्हणजे नव्वद-शंभर लिटर तरी सोडून द्यायला हवेत. 200 लिटरचं जुनं पिंप तळाला तोटी बसवून लावलं तर काम नीट होतं, आणि ते पाणी झाडांना जातं.

छत सिमेंटचं, कौलाचं किंवा चांगल्या पत्र्याचं असावं. अॅस्बेस्टॉसचा पत्रा किंवा डांबरी वॉटरप्रूफिंग असेल तर त्यावरचं पाणी पिण्यासाठी धरू नका.

टाकीत पाणी गेल्यावर शत्रू दोन: उजेड आणि डास. झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी हवी. जाळी फाटली तर डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो हे विसरू नका. निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. 5,000 लिटरला साडेबारा ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि निदान अर्धा-एक तास पाणी वापरायचं नाही. क्लोरीन टिकून राहत नाही, म्हणून हे अधूनमधून करत राहावं लागतं आणि पिण्यापुरतं पाणी उकळलेलं बरं. नवी सिमेंटची किंवा फेरोसिमेंटची टाकी असेल तर पहिली भरणी प्यायला घेऊ नका, चुन्यामुळे ते पाणी अल्कधर्मी झालेलं असतं.

पुनर्भरणात प्रतीचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर. टाकी घाण झाली तर तुमच्या घरचे आजारी पडतील आणि टाकी धुता येईल. बोअरमधून घाण खाली गेली तर ती शेजाऱ्याच्या हापशातून वर येते आणि ती धुवायला कुणी खाली उतरू शकत नाही. म्हणून फक्त छताचं पाणी आत जाऊ द्या. अंगणाचं, रस्त्याचं, गाडी धुतलेलं, गोठ्याचं पाणी गाळणीतून सोडलं तरी नाही. वाळू-खडी गाळ अडवते, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट किंवा तेल अडवत नाही.

गाळणी नुसती नावाला असून चालत नाही. आधी गाळ बसायला एक कप्पा, मग खाली मोठी खडी, तिच्यावर बारीक खडी, सगळ्यात वर जाड वाळू, आणि दोन थरांच्या मध्ये नायलॉनची जाळी. तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला तर हजार चौरस फुटांवरून 1,800 ते 2,300 लिटर पाणी येतं. पाइपमध्ये बसवायची छोटी तयार गाळणी अशा वेळी तुंबते, आणि मग कुणीतरी वैतागून तिची जाळी काढून ठेवतं. तिथून पुढे सगळी घाण सरळ बोअरमध्ये.

खर्च आणि निगा

एका घरापुरतं बोलायचं तर 5,000 लिटरची टाकी आणि बोअरचा पुनर्भरण खड्डा यांच्या खर्चात फार तफावत नसते. टाकी वाढवत नेली की मात्र खर्च भराभर वाढतो. निगा दोन्हीला लागते: मेअखेर छत आणि पन्हळी झाडणं, टाकी धुणं, खड्ड्यातली वरची वीतभर वाळू काढून धुऊन परत घालणं. वाळू धुवायची राहून गेली तर दोन-तीन पावसाळ्यांत खड्डा डबकं होतो.

सोसायटी असेल तर

सोसायटीत मी टाकीच्या मागे लागणार नाही. चाळीस बिऱ्हाडांत छताचा वाटा माणशी फारच थोडा येतो, आणि त्या पाण्याची जबाबदारी कुणाची यावरून दर सभेत वाद होतो. तिथे चाचणी करून पुनर्भरण करावं. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे राज्यातल्या बहुतेक शहरांत 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण करावंच लागतं. ताबा घेताना बिल्डरने केलेला खड्डा उघडून बघा. छतावर पाण्याची नळी सोडा आणि ते पाणी खड्ड्यात येतं का, आलेलं पाणी जिरतं का, हे समोर उभं राहून तपासा. पाइप जमिनीत शिरताना दिसतो आणि दुसरं टोक पावसाळी गटारात निघतं, असं आढळलं तर ते ताब्याच्या कागदांवर लिहूनच सही करा.

स्वतंत्र घराला दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी काम 7 जूनच्या आत उरकून घ्या. त्यानंतर महिन्यातून एकदा ठरावीक दिवशी, पंप चालवायच्या आधी पहाटे बोअरची पातळी दोरीने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. टाकी असेल तर पाण्याचा नमुना ऑक्टोबरमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. नमुन्याची निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी, घरातली शीतपेयाची बाटली चालत नाही.